जमिनीतला प्रतिरोध: सापडला म्हणजे नेमकं काय सापडलं?

मायक्रोबायोलॉजीच्या कुठल्याही विभागात जा, डेझर्टेशनच्या कपाटातून पाच-सहा प्रती काढा. त्यातल्या निदान एकीचं शीर्षक साधारण असं असेल: 'अमुक तालुक्यातील मातीतून प्रतिजैविक-प्रतिरोधी जीवाणूंचे विलगीकरण'. शेवटच्या पानावरचा निष्कर्षही ठरलेला. मातीत बहुऔषध-प्रतिरोधी जीवाणू सापडले, ही बाब मानवी आरोग्यासाठी चिंताजनक आहे, पुढील संशोधनाची गरज आहे. तुमच्यापैकी बरेच जण उद्या सिनॉप्सिस लिहिणार आहात, आणि 'अमुक तालुका'च्या जागी उमरेड लिहायचा मोह तुम्हालाही होईल. माती दाराशी आहे, खर्च कमी आहे, रिझल्ट हमखास येतो.

रिझल्ट हमखास येतो, यातच या विषयाची अडचण आहे. कुठलीही माती घेतली तरी ज्याचं उत्तर 'हो' येणार, तो प्रश्न उमरेडबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून आज या प्रकारच्या कामाची जरा कडक तपासणी करू. त्यासाठी आपल्याच राज्यातल्या मातीतून निघालेले दोन शोध सोबत ठेवू, कारण चांगला प्रश्न कसा असतो ते त्यांच्यावरून लवकर समजतं.

प्लेटवरचा झोन काय सांगतो

आधी नेहमीचा प्रयोग बघा. मातीचं सीरियल डायल्यूशन, न्यूट्रिएंट अगारवर पसरवणं, कॉलनी उचलणं, मग डिस्क ठेवून झोन मोजणं. झोन लहान आला की तक्त्यात 'आर', मोठा आला की 'एस'. हे आर आणि एस ठरवणारे आकडे येतात कुठून? ते रुग्णांकडून मिळालेल्या, ठरावीक रोगजंतूंसाठी बनवलेले आहेत. अमुक डोस दिल्यावर रक्तात औषध किती पोचतं आणि रुग्ण बरा होतो का, याच्याशी त्यांचा संबंध. मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसला ना रक्त आहे ना डोस. तो तक्ता त्याला लावणं म्हणजे बैलाला माणसाचं वजन-उंचीचं कोष्टक लावण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट त्याहून साधी आहे. ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंच्या बाहेरच्या पडद्यातून व्हॅन्कोमायसिनचा मोठा रेणू आत जाऊ शकत नाही. म्हणजे तुमचा ग्रॅम-निगेटिव्ह आयसोलेट व्हॅन्कोमायसिनला 'प्रतिरोधी' निघाला तर त्यात नवं काही नाही. ती त्याची घडणच आहे. सुडोमोनास एरुजिनोसा ॲम्पिसिलिनला दाद देत नाही, हेही तसंच. असे जन्मजात 'आर' मोजून 'दहापैकी सहा औषधांना प्रतिरोधी' असं लिहिलेलं मी बऱ्याच ठिकाणी वाचलं आहे. व्हायवात कुणी विचारत नाही म्हणून ते खपून जातं.

या धर्तीचं सर्वात गाजलेलं काम कॅनडातल्या जेरी राइट यांच्या गटाचं. डी'कोस्टा आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'सायन्स'मध्ये ते छापलं. शहर, शेत आणि जंगल अशा वेगवेगळ्या मातीतून त्यांनी स्ट्रेप्टोमायसिससारखे दिसणारे ४८० जीवाणू घेतले आणि २१ प्रतिजैविकांसमोर उभे केले. सरासरीने प्रत्येक जीवाणू सात-आठ औषधांना पुरून उरला. सगळेच्या सगळे बहुऔषध-प्रतिरोधी! हा पेपर मोठा आहे यात शंका नाही, कारण मातीत प्रतिरोधाचा केवढा साठा आहे ते त्याने आकड्यात दाखवलं. पण त्याची मर्यादाही वाचता आली पाहिजे. सर्व औषधांना एकच पातळी लावली होती, मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम. आणि जीवाणू निवडले ते प्रतिजैविकं बनवणाऱ्या घराण्यातले. जो स्वतः विष बनवतो तो विषाला पचवतो, हे अपेक्षितच आहे. हा साठा रुग्णालयापर्यंत पोचतो का, हा वेगळा प्रश्न. त्याचं उत्तर या प्रयोगात नव्हतं आणि प्रयोगाची रचनाही त्यासाठी नव्हती. आपल्याकडे मात्र संदर्भसूचीत हा पेपर टाकून नेमकं तेच उत्तर त्याच्या तोंडी घातलं जातं.

मुलुंडच्या मिठागरातला बॅसिलस

आता आपल्या राज्यातलं उदाहरण. मुंबईत मुलुंडला होक्स्ट इंडियाचं संशोधन केंद्र होतं. मुलुंडच्याच मिठागराच्या मातीतून तिथल्या संशोधकांनी एक बॅसिलस वेगळा केला. त्याला क्रमांक दिला एचआयएल वाय-८५,५४७२८. नावाऐवजी क्रमांक, कंपनीच्या प्रयोगशाळेत चालतं तसं. या बॅसिलसने बनवलेला रेणू म्हणजे मर्सासिडिन. चॅटर्जी आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये 'जर्नल ऑफ अँटिबायोटिक्स'मध्ये तो जगासमोर आणला.

मर्सासिडिन हे लॅन्टिबायोटिक आहे. म्हणजे ते आधी साध्या प्रथिनासारखं रायबोसोमवर तयार होतं आणि नंतर एन्झाइम त्याला कापून, वळवून, गंधकाच्या पुलांनी बांधून पक्कं करतात. अवघी २० अमिनो आम्लं. जीवाणूची भिंत बांधताना जी वीट लागते, लिपिड-टू, तिलाच ते धरून बसतं. व्हॅन्कोमायसिनही हीच वीट धरतं, पण वेगळ्या ठिकाणी. औषध म्हणून मर्सासिडिन बाजारात आलं नाही. पण आपल्या विषयासाठी त्याची पुढची गोष्ट जास्त कामाची आहे.

२००० साली जर्मनीतल्या बॉन इथल्या गटाने (आल्टेना, बिअरबाउम आणि सहकारी) या बॅसिलसमधला मर्सासिडिनचा पूर्ण जनुकसंच वाचून काढला. तो साधारण १२.३ किलोबेसचा, दहा जनुकांचा आहे आणि गुणसूत्रावरच बसलेला आहे. ही दहा जनुकं एखाद्या कारखान्याच्या हजेरीपटासारखी वाचा. एमआरएस-ए हा कच्च्या मालाचा जनुक. एम आणि डी हे त्यावर काम करणारे कारागीर. टी हा कापून बाहेर नेणारा. आर-वन हा उत्पादन सुरू करणारा मुकादम. आणि त्याच आवारात एफ, जी, ई या तीन जनुकांनी मिळून बनणारा पंप, जो मर्सासिडिनला आपल्याच पडद्यापासून दूर ठेवतो. या पंपावर लक्ष ठेवायला के-टू आणि आर-टू ही वेगळी जोडी.

एफ-जी-ई म्हणजेच प्रतिरोध. तो कुणा डॉक्टरने जास्त गोळ्या लिहून दिल्या म्हणून आलेला नाही. उत्पादन आणि संरक्षण एकाच आवारात, एकमेकांना लागून आहेत. आतल्या माणसाला वाचवल्याशिवाय हा कारखाना चालूच शकत नाही.

२००२ मध्ये याच गटाने एकेक मुकादम बंद करून पाहिला. आर-वन मोडला तर मर्सासिडिन बनणं थांबलं, पण संरक्षण तेवढ्याने थांबलं नाही. संरक्षणाची सूत्रं के-टू आणि आर-टूच्या हाती निघाली. म्हणजे घर एक, पण चाव्या दोन. हा प्रयोग नीट लक्षात ठेवा. 'प्रतिरोध आहे' इथे न थांबता 'तो कोण चालू करतं, आणि उत्पादनाशिवाय तो राहू शकतो का' असं इथे विचारलं गेलं.

राहू शकतो का? याचं निसर्गातलं उत्तर एका वेगळ्याच मातीत मिळालं. एफझेडबी-४२ नावाचा, तेव्हा बॅसिलस ॲमिलोलिक्विफेशियन्स म्हणून ओळखला जाणारा जीवाणू जर्मनीतल्या जमिनीतून आलेला. पिकाच्या मुळाशी राहून वाढीला मदत करतो म्हणून तो शेतीत वापरला जातो. त्याचा जीनोम २००७ मध्ये छापला गेला. त्यात मर्सासिडिनच्या संचातले पाच जनुक आढळले: के-टू, आर-टू, एफ, जी, ई. म्हणजे पंप आहे, पंपाचा रखवालदार आहे, पण कच्चा माल नाही, कारागीर नाहीत. कारखाना नाही आणि संरक्षण मात्र शाबूत! २०११ मध्ये हेर्त्सनर आणि सहकाऱ्यांनी याचा उपयोग करून घेतला. जो आधीच मर्सासिडिन सहन करतो त्यालाच उरलेले जनुक दिले, आणि तो मर्सासिडिन बनवू लागला.

आता हाच जीवाणू तुमच्या प्लेटवर आला असता तर? तुम्ही मर्सासिडिनची डिस्क ठेवली असती, झोन आला नसता, आणि लिहिलं असतं: 'प्रतिरोधी, चिंताजनक.' त्याच तक्त्यात मुलुंडचा बॅसिलसही 'आर' म्हणून बसला असता. एक उत्पादक आणि एक बिनउत्पादक, दोघांचा झोन सारखा. फरक कळतो तो जनुकाचे शेजारी पाहिल्यावर. आणि तरी एक प्रश्न उरतोच: एफझेडबी-४२ च्या पूर्वजाकडे पूर्ण संच होता आणि तो हरवला, की पंपाचे जनुक बाहेरून आले? नुसत्या उपस्थितीवरून यातलं एकही ठाम सांगता येत नाही. शेजार वाचणं ही पहिली पायरी आहे. तिच्यावर सगळं भागतं असं समजू नका.

प्रत्येक उत्पादकाला कवच लागतंच का?

इथे पाठ्यपुस्तकातलं एक वाक्य तपासून घेऊ: 'प्रतिजैविक बनवणाऱ्या प्रत्येक जीवाणूकडे स्वतःच्या बचावाचा जनुक असतो.' बहुतेक वेळा ते खरं ठरतं, आणि बचावाच्या तऱ्हाही पाहण्यासारख्या आहेत. एरिथ्रोमायसिन बनवणारा सॅकॅरोपॉलिस्पोरा आपल्या रायबोसोमच्या आरएनएवर मिथाइल गट चिकटवतो, म्हणजे औषधाला बसायला जागाच राहत नाही. स्ट्रेप्टोमायसिन बनवणारा स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस आतमध्ये औषधाला फॉस्फेटचं कुलूप लावून ठेवतो आणि बाहेर गेल्यावर ते कुलूप काढतो. मर्सासिडिनवाल्याचा पंप आपण पाहिलाच.

पण आता पुण्याजवळच्या पिंपरीला या. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास हॅमायसिन शोधलं. ते बनवणाऱ्या जीवाणूचं नाव त्यांनी गावावरूनच ठेवलं, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. हॅमायसिन पॉलिईन गटातलं, बुरशीविरुद्धचं औषध. हा गट बुरशीच्या पडद्यातल्या अर्गोस्टेरॉलला धरतो. स्ट्रेप्टोमायसिसच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल नसतंच. ज्या दाराला कडीच नाही ते चोराला उघडावं लागत नाही आणि मालकाला लावावंही लागत नाही. म्हणजे इथे उत्पादक आहे, पण मर्सासिडिनच्या पंपासारख्या खास कवचाची गरज समजुतीतूनच गळून पडते.

मग 'आमच्या आयसोलेटने कॅन्डिडाविरुद्ध झोन दिला, अर्थात त्याच्याकडे प्रतिरोध जनुकही असणार' असं लिहिणाऱ्याला काय म्हणावं? त्याने नियम पाठ केला, पण औषध नेमकं कुठे काम करतं ते पाहिलं नाही. विषय निवडताना पहिला तास यावरच घालवा: माझा रेणू कशाला धरतो, आणि ती गोष्ट माझ्या जीवाणूत आहे का?

घरातलं जनुक आणि रस्त्यावरचं जनुक

आता सर्वात मोठ्या दाव्याकडे येऊ: मातीतला प्रतिरोध दवाखान्यात जातो. हा विचार जुना आहे. बेन्वेनिस्ट आणि डेव्हिस यांनी १९७३ मध्ये दाखवलं की स्ट्रेप्टोमायसिसमध्ये ॲमिनोग्लायकोसाइड निकामी करणारी जी एन्झाइम आहेत, त्यांची रासायनिक क्रिया रोगजंतूंमधल्या एन्झाइमसारखीच आहे. त्यांनी सुचवलं की मूळ कदाचित इथेच असेल. कल्पना सुंदर आहे, पण क्रिया सारखी म्हणजे जनुक तोच, असं होत नाही. दोन सुतारांकडे सारखी करवत असली म्हणून एकाने दुसऱ्याची चोरली असं नसतं.

चाळीसेक वर्षांनी फोर्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी (२०१२, 'सायन्स') हा पुरावा घट्ट केला. अमेरिकेतल्या ११ ठिकाणच्या मातीतून बहुऔषध-प्रतिरोधी जीवाणू वाढवून त्यांच्यात असे प्रतिरोध जनुक शोधले, जे मानवी रोगजंतूंमधल्या जनुकांशी अक्षरशः शंभर टक्के जुळत होते. इतकं तंतोतंत जुळणं म्हणजे देवाणघेवाण अलीकडचीच. पण कोणी कोणाला दिलं? मातीतून दवाखान्यात, की शेणखत आणि सांडपाण्यातून मातीत? जुळणीला दिशा नसते.

त्याच गटाचं २०१४ चं काम ('नेचर') मात्र आपल्याकडे फारसं वाचलं जात नाही. त्यांनी १८ शेतांच्या आणि कुरणांच्या मातीतून २,८९५ प्रतिरोध जनुक काढले आणि त्यांचे शेजारी तपासले. जनुकाला एका जीवाणूतून दुसऱ्यात नेणारे घटक त्यांच्या आसपास क्वचितच होते. कुठल्या मातीत कुठले प्रतिरोध जनुक सापडतील, हे मुख्यतः तिथे कोणते जीवाणू राहतात यावरून ठरत होतं. एकाच गटाचे हे दोन पेपर शेजारी ठेवून वाचा. ते एकमेकांना खोटं पाडत नाहीत. मातीतले बहुतेक प्रतिरोध जनुक घरातच राहतात आणि थोडे रस्त्यावर येतात, असं ते मिळून सांगतात. धोका त्या थोड्यांचा आहे. तुमचं काम ते थोडे शोधण्याचं.

याची दुसरी बाजूही विसरू नका. 'मातीतला प्रतिरोध निसर्गाचाच आहे' हे वाक्य सोयीचं आहे. औषध कारखान्याचं पाणी नाल्यात सोडणाऱ्याला, कोंबड्यांना विनाकारण प्रतिजैविक चारणाऱ्याला ते फार आवडेल. सरसकट घाबरवणारा निष्कर्ष आणि सरसकट निर्धास्त करणारा निष्कर्ष, दोन्ही एकाच आळसातून येतात. एकात शेतकऱ्याच्या मातीवर फुकट ठपका येतो, दुसऱ्यात खरा दोषी सुटतो.

मग उमरेडच्या मातीला काय विचारायचं

उमरेड परिसर या कामाला वाईट नाही, उलट चांगला आहे. एकाच टप्प्यात खुली कोळसा खाण, सोयाबीन आणि धानाची शेतं, शेजारी भिवापूरचं मिरचीचं रान आणि कऱ्हांडल्याचं जंगल. म्हणजे तुलना फुकटात मिळते. पण तुलना करायची तर ती ठरवून करा. माझ्या दृष्टीने किमान चार गोष्टी हव्यात.

एक, मातीचा इतिहास. नमुना घेताना खोली आणि ओलावा लिहितोच, तसं शेतकऱ्याला विचारून लिहा: शेणखत टाकलं का, कोणत्या जनावरांचं, कधी? स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचं मिश्रण, ज्याला दुकानात स्ट्रेप्टोसायक्लीन म्हणतात, ते फवारलं का? ही दोन औषधं फवारलेल्या आणि न फवारलेल्या शेताची तुलना हा खराखुरा प्रश्न आहे, कारण त्याचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं.

दोन, एक नाही तर अनेक नमुने. एका शेतातल्या एका खड्ड्याची माती म्हणजे उमरेड तालुका नव्हे. प्रत्येक प्रकारच्या जमिनीची निदान तीन-चार स्वतंत्र ठिकाणं घ्या. नाहीतर तुम्ही जमिनींची तुलना करत नसून दोन खड्ड्यांची करत आहात.

तीन, जीवाणूची ओळख आधी, प्रतिरोध नंतर. १६-एस वाचून घ्या. मग जन्मजात प्रतिरोध वेगळ्या रकान्यात काढा. तक्ता निम्मा होईल, होऊ द्या. जो उरेल तो बोलका असेल.

चार, रस्त्याचा पुरावा. पूर्ण जीनोम वाचायला पैसे नसतात, हे मला माहीत आहे. पण क्लास-वन इंटिग्रॉनच्या इंटिग्रेज जनुकासाठी पीसीआर साध्या विभागातही होतो. हा जनुक माणसाच्या वावराशी जोडलेल्या प्रदूषणाची खूण म्हणून वापरला जातो. जंगलाच्या आणि शेताच्या मातीत तो किती वेळा सापडतो, एवढंच मांडलंत तरी ती माहिती झाली. एखादा ग्रॅम-निगेटिव्ह आयसोलेट आशादायक वाटला तर संवेदनशील ई. कोलायसोबत संयोग घडवून प्रतिरोध सरकतो का ते पाहता येतं. मात्र संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी घ्या. आणि प्रयोगात काही सरकलं नाही तर 'या परिस्थितीत सरकलं नाही' असंच लिहा. 'सरकू शकत नाही' हे त्यातून सिद्ध होत नाही.

काही गाईड म्हणतील, एवढं कशाला, मागच्या बॅचचा फॉरमॅट आहे ना. त्यांच्याशी वाद घालू नका. एक कागद घ्या, त्यावर दोन वाक्यं लिहा: माझा रिझल्ट 'हो' आला तर मी काय म्हणणार, आणि 'नाही' आला तर काय म्हणणार. 'नाही'चा रकाना भरता येत नसेल तर तो कागद गाईडसमोर ठेवा. माझ्या अनुभवात बहुतेक गाईड त्या रिकाम्या रकान्याकडे पाहून स्वतःच विषय बदलायला सांगतात.

मर्सासिडिनची माती मुलुंडची, पण तिच्या जनुकसंचाचं वाचन बॉनमध्ये झालं. त्यात पैशाचा आणि यंत्रांचा भाग मोठा होता, नाकारायचं कारण नाही. पण 'हा पंप कोण चालू करतं' हा प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही. आज सिक्वेन्सिंग बाहेरून करून मिळतं, डेटाबेस फुकट उघडे आहेत, एफझेडबी-४२ चा पूर्ण जीनोम तुम्ही आज रात्री मोबाइलवर पाहू शकता. सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी एकदा तेवढं करा: एफ-जी-ई शोधा आणि त्याच्या डावी-उजवीकडे काय आहे ते वहीत उतरवा. मग आपल्या विषयाचं शीर्षक पुन्हा वाचा.